गणाच्या आधी

पांझरेच्या काठच्या एका गावात एक फडमालक राहत. गाव त्यांना नाना म्हणे. नानांच्या वडिलांनी उभा केलेला तमाशाचा फड खान्देशच्या यात्रांतून दोन पिढ्या फिरला. चैत्रात धुळ्याची एकवीरा, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, मार्गशीर्षात सारंगखेड्याचा घोडेबाजार. सुपारी येईल तिथे कनात लागे आणि रात्री उशिरा उभा राहिलेला वग कोंबडं आरवेपर्यंत चाले. पुढे यात्रांतून ऑर्केस्ट्रा आले, सुपाऱ्या आटल्या, पोरं सुरतेला कामाला गेली. एका उन्हाळ्यात नानांनी ट्रक विकला, मग कनात, शेवटी जनरेटर. देणी भागवून जी रक्कम उरली तिला त्यांनी हात लावला नाही. घरात एवढंच सांगितलं, "हा पैसा आपला नाही. फडातली जी माणसं गेली त्यांचा आहे. त्यांचं स्मारक करायचं."

स्मारक कसं असावं हे नानांच्या मनात पक्कं होतं. वेशीजवळ चौथरा, त्यावर वडिलांचा अर्धपुतळा आणि खाली संगमरवरावर बाकीच्यांची नावं. नात धुळ्याला कॉलेजात शिकत होती, अक्षर चांगलं होतं, म्हणून यादीचं काम तिच्याकडे आलं.

पहिली पाच-सहा नावं भराभर झाली. वडील, चुलते, वग लिहिणारे शाहीर, सोंगाड्या. मग नाना अडखळायला लागले. "पारोळ्याचा ढोलकीवाला, लिही." नातीने विचारलं, "नाव काय त्यांचं?" नानांना आठवेना. पेटीमास्तर, हलगीवाला म्हातारा, मावशीचं काम करणारा, तो नरडाण्याचा नाच्या, ती यावलची. फडात माणसाला हाक मारायची ती कामाच्या नाहीतर गावाच्या नावाने. हँडबिलावर मोठ्या टायपात एकच नाव, फडमालकाचं. लावणीच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं आणि पठ्ठे बापूरावांसारख्यांची नावं त्यामुळे गाणाऱ्यांच्या तोंडी टिकली. ढोलकी वाजवणाऱ्याला मात्र शेवटचं कडवं मिळत नाही. ज्याच्या तालावर नानांनी आयुष्यभर पैसा मोजला, त्याचं नाव संगमरवरावर घालायला नानांजवळ नव्हतं.

यादीचा कागद खिशात घालून ते धुळ्याच्या एका मूर्तिकाराकडे गेले. मूर्तिकार राम सुतारांना मानणारा. गोंदूर हे धुळ्याच्या अंगालाच लागलेलं गाव, तिथल्या सुताराच्या घरातलं पोर जोशी मास्तरांनी हेरलं, ते मुंबईला जे. जे.त शिकलं आणि पुढे सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांनी घडवला. २०२५च्या डिसेंबरात शंभरी ओलांडून ते गेले. मूर्तिकाराने नानांना विचारलं, "वडिलांचे फोटो किती आहेत? एका अंगाने, दुसऱ्या अंगाने? हसताना कसे दिसायचे?" नानांकडे एकच फोटो होता, हार घातलेला, फ्लॅशने चेहरा पांढरा पडलेला. मूर्तिकार भला माणूस होता. म्हणाला, "नाना, मी पागोटं घालून एक म्हातारा करून देईन. तो कुणाचाही बाप दिसेल. घाई करू नका. आधी जरा फिरून या, कलावंतांची आठवण लोकांनी कशी ठेवली ते बघा."

म्हणून आजोबा आणि नात धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसले.

चाळीसगाव स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांनी एकदा उतरून पाहावं, एवढं मी आग्रहाने सांगेन. हा पारशी माणूस १९१२ साली मुंबईत जन्मला, विलायतेला जाऊन कला शिकून आला आणि पुढची सगळी वर्षं चाळीसगावच्या या घरात राहिला. उंबऱ्याबाहेर तो जवळजवळ पडलाच नाही. सांगतात की मुंबईला एका मुलीने वचन दिलं होतं, पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवीन. तो रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवी आणि दोघांचं जेवण मांडून ठेवी. १९८९च्या ३१ डिसेंबरला तो गेला, तोवर हा नेम चुकला नाही म्हणतात. पण वाट पाहणाऱ्या माणसाची ही कथा सांगताना लोक त्याचं काम विसरतात, याचं मला वाईट वाटतं. घराबाहेर न जाता त्याने टेबलावर घरातल्या किरकोळ वस्तू मांडल्या, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडला आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला तिथे मोकळं आभाळ, रस्ता, झाडं दिसावीत असं केलं. टेबल-टॉप छायाचित्रणात त्याचं नाव परदेशापर्यंत गेलं. तो गेल्यावर घर मोडून प्लॉट पडले असते तरी कुणी विचारलं नसतं. चाळीसगावकरांनी प्रतिष्ठान करून ते राखलं.

नाना त्या खोल्यांतून फिरले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "त्याचं सगळं जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "आणि मी कनात विकली. कनातीवर पाच ठिकाणी आईच्या हातचे टाके होते. ढोलक्याने रात्री टेकायचं ते लाकडी खोकं भंगारात गेलं. आता काय दाखवायचं लोकांना?" नात काही बोलली नाही. तिलाही तसंच वाटत होतं. जळगावची गाडी लागेपर्यंत दोघं प्लॅटफॉर्मवर उभी राहिली.

जळगावला उतरल्यावर बालगंधर्व खुलं नाट्यगृह वाटेत लागलं. नातीने सांगितलं की नारायणराव राजहंस लहानपणी इथे जळगावात मेहबूब खाँकडे गाणं शिकले, आणि अजूनही जानेवारीत त्यांच्या नावाने शहरात संगीत महोत्सव होतो. नाना पाटीकडे बघत राहिले. "हे बाईचं काम करायचे ना जन्मभर?" "हो, नाना." "आपला नरडाण्याचा नाच्याही तेच करायचा," नाना म्हणाले आणि पुढे चालू लागले.

जुन्या जळगावातला चौधरी वाडा हा बहिणाबाईंचा वाडा. जातं, चूल, भांडी, शेतीची अवजारं तिथे जपून ठेवली आहेत. अशा वस्तू नानांच्याही घरात होत्या, खान्देशातल्या कुठल्याही जुन्या घरात होत्या. त्या बघायला कुणी गाडीभाडं खर्चून येत नाही. लोक येतात ते त्या जात्यावर काय म्हटलं गेलं त्यासाठी. आणि ते म्हटलेलं तर हवेत गेलं असतं. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. १८८० साली असोद्याला जन्मलेली ही बाई शेतात, चुलीपुढे, जात्यावर ओव्या रचत राहिली, आणि मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातल्या कानी पडल्या त्या वहीत उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ला ती गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि महाराष्ट्राने कपाळावर हात मारून घेतला, की ही बाई आपल्यात होती आणि आपल्याला माहीत नव्हती. आज खान्देशचं विद्यापीठ तिच्या नावाचं आहे.

ही गोष्ट नानांना शाळेपासून ठाऊक होती. पण वाड्यात उभं राहून नातीने ती पुन्हा सांगितली, तेव्हा त्यांनी मधेच तिला थांबवलं.

"वही कधी लिहिली म्हणालीस? ती गेल्यावर?"

"नाही नाना, ती होती तेव्हा. ती म्हणायची आणि हे लिहून घ्यायचे. गेल्यावर फक्त छापली."

नानांनी खिशातला कागद काढला. यादी उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "चल घरी. आक्काकडे जाऊ."

आक्का म्हणजे फडातली सगळ्यात जुनी बाई. गौळणीत राधा व्हायची, वगात राणी व्हायची. ऐंशीला टेकलेली, धुळ्यात एका खोलीत भाच्यापाशी राहत होती. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी तिने अर्ज केला होता, पण अर्जाला पुरावा लागतो, आणि ती नाचली-गायली याचा एकही कागद तिच्याजवळ नव्हता. फड मोडल्यापासून नाना तिच्याकडे दिवाळीला लुगडं पाठवत. स्वतः मात्र गेले नव्हते. यादी करताना तिची आठवण त्यांना झाली नाही, कारण ती जिवंत होती.

आखाजी दोन दिवसांवर आली होती. आपल्याकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण, झोक्याचा आणि गौराईच्या गाण्यांचा. पण सकाळचा वेळ पितरांचा असतो. नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर, आंबा, सांजोरी ठेवायची. घरातल्या बाईने उंबऱ्याची पूजा करायची आणि गेलेल्या एकेकाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. मग चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकायची. नानांनी आक्काला सणाला घरी आणलं. "आक्का, यंदा उंबऱ्यावर फडाची बोटं तू ओढ," ते म्हणाले.

आक्काने आधी कागद वाचून घेतला. "मनं नाव नही यादीमा?"

"आक्का, ती गेलेल्यासनी यादी शे."

"मंग थोडा दम धरा. मीबी जासूच," ती म्हणाली, आणि कुंकवाची वाटी जवळ ओढून बसली.

नात वही घेऊन शेजारी बसली. तिला वाटलं, आक्का आता नावं सांगेल आणि आपण लिहू. पण पारोळ्याच्या ढोलकीवाल्याचं नाव आक्कालाही आठवेना. तिने डोळे मिटले आणि गौळण सुरू केली. आवाज चिरका झाला होता, पण लय जागेवर होती. पहिलं कडवं संपून जिथे ढोलकीचा तुकडा यायचा तिथे ती थांबली, बोटांनी उंबऱ्यावर तो तुकडा वाजवला, आणि वाजवता वाजवता तिच्या तोंडून नाव बाहेर आलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. त्याला उजव्या हाताला सहावं बोट होतं, तेही आलं. नातीकडे वळून ती म्हणाली, "नाव आसं मांगीसन येत नही, पोरी. पह्यले ढोलकी येस, मंग नाव येस."

त्या सकाळी उंबरा लाल झाला. नातीची अर्धी वही भरली. प्रत्येक नावासोबत एक तुकडा यायचा. पेटीमास्तरासोबत त्यांनी बांधलेली एका लावणीची चाल आली, सोंगाड्यासोबत त्याची बतावणी आली, पाटलाला आणि फौजदाराला एकाच वाक्यात कोपरखळी मारणारी. नानांचे वडील आले ते शेवटच्या अंकात, तलवार हरवली म्हणून चुलीवरची फुंकणी घेऊन उभे राहिलेले. त्या फ्लॅशने पांढऱ्या पडलेल्या फोटोत ते एवढे कधी दिसले नव्हते.

यावलच्या तुणतुणेवाल्यापाशी नानांनी हात वर केला. हा माणूस चोपड्याच्या मुक्कामी तिकिटाचा गल्ला घेऊन पळाला होता. त्या रात्री फडाने उसन्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या. "याचं नाव नको," नाना म्हणाले.

आक्काने बोट कुंकवात बुडवलं होतंच. "पैसा लई गया, खरं शे. पन बारा वरीस तुणतुणं त्यानीच वाजाडं ना? मंग लिख, पोरी." आणि तिने बोट ओढलं.

मला आक्काचं हे वागणं फार मोठं वाटतं. गेलेल्यांची आठवण काढताना आपण त्यांना धुऊन-पुसून घेतो. तसबिरीत सगळेच देवमाणसं होतात, आणि मग एकाची दुसऱ्यापासून ओळखच उरत नाही. आक्काला तुणतुणेवाल्याची चोरीही आठवत होती आणि सूरही.

नरडाण्याच्या नाच्याचं काम निघालं तेव्हा मात्र ती थांबली. त्याचं सगळं तिला पाठ होतं. लुगडं कसं नेसायचा, घुंगरं बांधायच्या आधी ती कपाळाला कशी लावायचा, मुरळीच्या गाण्यात गिरकी कुठे घ्यायचा. फडात त्याला सगळे एका फुलाच्या नावाने हाक मारीत. पाळण्यातलं नाव तिला कधी कळलंच नव्हतं. पण त्याचा मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक होता, आता निवृत्त होऊन धुळ्यात राहतो, एवढं तिला ठाऊक होतं.

नात त्यांच्याकडे गेली. मास्तरांनी चहा दिला, विषय ऐकला आणि दार लोटून घेतलं. "तुमचा हेतू चांगला आहे, बेटा," ते म्हणाले. "पण नाव लिहू नका. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून बहिणीच्या लग्नापर्यंत आम्ही वडिलांचा धंदा शेती सांगितला. एकदा बहिणीची सोयरीक जमत आली होती. पाहुण्यांतल्या एकाने यात्रेत वडिलांना पाहिलेलं निघालं. पाहुणे जेवण न करता उठले."

नातीने बालगंधर्वांचं नाव काढलं. जळगावात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, म्हणाली.

"त्यांच्या नाटकाला घरंदाज बायका तिकीट काढून जायच्या," मास्तर म्हणाले. "त्यांचा शालू पाहून तसा शालू घ्यायच्या. माझ्या बापाचा तमाशा पाहायला आमच्या गावची एक बाई कधी आली नाही. माझी आईसुद्धा नाही."

यावर नातीजवळ उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते कुणाजवळच नाही. दोघंही पुरुष, दोघांनीही जन्मभर लुगडं नेसून लोकांना रिझवलं. एकाची महाराष्ट्राने पाटी लावली आणि दुसऱ्याच्या मुलाला बाप लपवावा लागला. फरक कलेतला होता असं म्हणायला आपण दुसऱ्याची कला कुठे पाहून ठेवली आहे? नातीने एवढंच कबूल केलं की मास्तरांच्या परवानगीशिवाय नाव छापणार नाही. जाता जाता तिने आक्काने सांगितलेलं त्या वहीतलं पान वाचून दाखवायचं का, असं विचारलं. मास्तर नको म्हणाले नाहीत. तिने गिरकी, घुंगरं, कपाळाला लावणं, सगळं वाचलं. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. "घुंगरं कपाळाला लावायचे हे मला माहीत नव्हतं," एवढंच बोलले.

चौथऱ्याचा विचार नानांनी सोडून दिला. मूर्तिकाराला त्यांनी तसं जाऊन सांगितलं, तेव्हा त्याने हात जोडले. पैशाचे तीन वाटे झाले. एका वाट्यातून दोन ढोलक्या, हलगी आणि पेटी आली, आणि गावातल्या सहा पोरापोरींना आक्का आणि एक जुना ढोलकीवाला आठवड्याला तालीम देऊ लागले. दुसऱ्यातून वही छापली. आक्काचं नाव तिच्यात पहिल्या पानावर होतं, सांगणारी म्हणून, आणि फडात किती वर्षं कोणतं काम केलं तेही. ती वही जोडून मानधनाचा अर्ज पुन्हा गेला. तिसरा वाटा बँकेत राहिला, दर आखाजीच्या रात्री एक खेळ करण्यासाठी.

पुढच्या वर्षी आखाजीच्या रात्री पाराजवळ पेट्रोमॅक्सच्या जागी हॅलोजन लागले. लोक अंथरायला पोती घेऊन आले. बायका बऱ्याच होत्या, माहेरी आलेल्या लेकी होत्या, त्यांनी पुढची जागा धरली. ढोलकीवर थाप पडली. रिवाजाप्रमाणे पहिला गण यायचा, पण त्याआधी नात वही घेऊन उभी राहिली. तिने एकेक नाव वाचलं. नाव, बापाचं नाव, गाव, काम. प्रत्येक नावानंतर पोरं त्या माणसाचा तुकडा वाजवीत. सहाव्या बोटाचा ढोलकीवाला, पेटीमास्तर, सोंगाड्या, गल्ला पळवणारा तुणतुणेवाला.

मग ती म्हणाली, "नरडाण्याचे, स्त्रीपार्ट करणारे," आणि नाव नव्हतं म्हणून पुढचं पान उलटायला लागली.

मागच्या बाजूने एक माणूस उभा राहिला. पांढरा सदरा, हातात पिशवी. बसलेली माणसं वळून पाहू लागली.

"नरडाण्याचे नाहीत," मास्तर म्हणाले. "बेटावदचे. नरडाणा त्यांचं आजोळ." आवाज शाळेत हजेरी घेणाऱ्याचा होता, शेवटच्या पोत्यापर्यंत पोचणारा. त्यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. नातीने पेन काढून वहीच्या समासात लिहून घेतलं आणि काम विचारलं, स्त्रीपार्टच ठेवू का?

"नाच्या लिहा," मास्तर म्हणाले. "शेती लिहू नका."